आठ बाय तीन फुटांचा निळा

रंगाच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे वाक्य मी एकतीस वर्षं म्हणत आलो, आणि म्हणताना दर वेळी छाती दोन इंच पुढे काढत आलो. रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवायचो. गिऱ्हाईक खुर्चीच्या दांडीचा एक टवका घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग द्या. मग पांढऱ्या रंगात स्टेनरच्या बाटलीतले थेंब सोडायचे, ढवळायचं, पट्टीवर ओढून वाळवायचं, टवक्याशेजारी धरायचं, पुन्हा एक थेंब. हे माझं काम. नवीन पोरं डब्यात बघून भांबावायची. मी नुसता डबा हुंगून सांगायचो म्हणा ना, कशात काय कमी आहे ते!

निवृत्त झाल्यावर ही विद्या घरात वापरायची नाही तर कुठे? पडदे मी पसंत केले. भिंती मी पसंत केल्या. बायकोनं घेतलेले उशांचे अभ्रे मी दुकानात परत नेऊन बदलून आणले, एकदा नाही, तीनदा. "शेड चुकलीय गं," एवढंच म्हणायचो. तीही बिचारी "बरं" म्हणायची. चौतीस वर्षांत आमच्या घरात एकही रंग तिच्या मर्जीचा नव्हता, हे मला कुणीतरी सांगावं लागलं. सांगितलं ते तिच्या बहिणीनं. ही माझी मेहुणी दोन गल्ल्या सोडून राहते. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात आणि तिच्या जिभेला धाकटं-थोरलं काही कळत नाही.

"भाऊजी, माझ्या ताईला या घरात स्वतःचा म्हणून एक चमचा तरी आहे का हो?" ती एकदा भर चहाच्या वेळी म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाजवळ उभी राहिली आणि कुंपणाच्या आतल्या मोकळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, हा आठ बाय तीनचा तुकडा माझा. इथला रंग मी ठरवणार. तुम्ही फक्त खणून द्यायचं."

"कोणता रंग?"

"निळा."

आता फुलांतला निळा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बहुतेक निळी म्हणवणारी फुलं जांभळ्याकडे झुकलेली असतात. हे मी तिला पाऊण तास समजावलं. ती तोवर चप्पल घालून नर्सरीत निघाली होती. मी मागोमाग.

नर्सरीवाल्या बाई म्हणजे फटकळ प्रकरण. हातात कात्री, डोक्याला रुमाल आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही अशी शपथ. बायकोनं निळं फूल म्हणताच त्यांनी सॅल्व्हियाच्या तीन कुंड्या पुढे ठेवल्या. तिन्हीत पानंच पानं, फुलं नाहीत.

"ही मोठ्या फुलाची. निळा अस्सल, पण आपल्या उन्हात चार दिवस टिकायची नाही. थंड हवेचं लाडावलेलं झाड आहे. ही दुसरी, काळ्या देठाची, अंगानं दांडगी. सगळी जागा खाईल. आणि ही तिसरी. दांडा बघा, पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका. हिला ऊन चालतं, दुपारची जरा सावली मिळाली की खूश. पण काकू, लाड नकोत! खत कमी, पाणी कमी, मातीत खडी. पाय ओले राहिले की मेली समजा."

"हीच," बायको म्हणाली.

मी घसा खाकरला. "शेड बघितल्याशिवाय..."

"अहो," बायको म्हणाली, "तुकडा कुणाचा?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी कुठे गप्प बसायला हवं होतं याची यादी मोठी आहे, पण तिथे बसलो हे नोंदवून ठेवा.

तिनं रोपं घेतली नाहीत, बी घेतलं. तिला म्हणे पहिल्यापासून स्वतःच्या हातानं करायचं होतं. पसरट ट्रेमध्ये बी नुसतं मातीवर भुरभुरलं, वर माती घातली नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. तळहातानं हलकेच दाबलं. मग रोज सकाळी ट्रे उजेडात, दुपारी आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. उगवून आलेल्या रोपांशी ती बोलायची. चार बोटं वाढल्यावर तिनं प्रत्येकाचा शेंडा खुडला, म्हणजे म्हणे फुटवे येतात. पण खुडताना तिचंच तोंड कसनुसं झालं होतं. मी खणून दिलं, खडी टाकून दिली. एक्केचाळीस रोपं लागली. साडेतीन महिने ती त्या तुकड्यापाशी उकिडवी बसलेली दिसायची, आणि खरं सांगतो, इतकी खुशीत मी तिला पडदे आणले तेव्हा पाहिली नव्हती.

कळ्यांचे तुरे दिसायला लागले आणि नेमका त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. घर बदलायचंय, आई, बारा दिवस ये. बायको दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली.

"रोज सकाळी थोडंसं पाणी. थोडंसं! बाकी हात लावायचा नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर सांगितलेलं ऐकलं असतं," ती म्हणाली आणि गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फुलं उघडली. मी चहाचा कप घेऊन ऐटीत गेलो. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं.

राखाडी!

निळी नाहीत, जांभळीसुद्धा नाहीत. फरशी पुसलेल्या फडक्यासारखी राखाडी. बिचारीनं साडेतीन महिने जीव ओतला, आणि निघालं काय तर फडकं!

तुरा तोडला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि तडक नर्सरी गाठली.

"बाई, हा निळा?"

"मग काय लाल?"

"हा राखाडी आहे! तुम्ही बी बदलून दिलंत."

"काका, उन्हातून आलात, पाणी प्या."

शेजारी तिघंजण कुंड्या बघत होते. मी तुरा त्यांच्यापुढे नाचवला. तिघंही म्हणाले, निळाच की हो! मला हसू आलं. काय करणार, रंगाची जाण सगळ्यांना नसते. त्यातल्या जाडजूड गृहस्थाला मी प्रेमानं म्हणालोही, "एकदा डोळे दाखवून घ्या." परतताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दाखवला. या माणसाशी माझं आधीच वाकडं होतं. गेली दोन वर्षं तो माझे पांढरे शर्ट पिवळट करून देत होता आणि कबूल होत नव्हता.

"निळं आहे साहेब. छान आहे."

"तरीच!" मी म्हणालो. "तरीच माझे शर्ट असे येतात. अहो, तुम्हाला दिसतच नाही!" आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता त्याच्या पाटीवर खडूनं लिहून आलो. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन. आवाजात नुसती उत्सुकता.

"फुलली का हो?"

"फुलली."

"निळी आहेत ना?"

आता काय बोलणार? चौतीस वर्षं दर रंगाला तोंडावर "चुकलाय" म्हणणारा मी. आणि नेमकं त्या दिवशी, जेव्हा मनात होतं ते तसंच बोलून टाकायला हवं होतं, तेव्हा मला तिची दया आली!

"आहेत, आहेत! निळीच!"

"फोटो पाठवा ना."

"छे! फोटोत शेड कधी खरी येत नाही. तू येऊनच बघ."

"बरं," ती म्हणाली. "धाकटी मला घ्यायला बसस्टँडवर येणार आहे, तिला पण घेऊन येते. तिलाही दाखवायचंय." आणि वर, "मला झोपच येत नाहीये बघा."

फोन ठेवला आणि मी ठरवलं. माझ्या बायकोला निळा हवाय, तर निळा मिळेल. एकतीस वर्षं आपण काय केलं? रंगच केला ना!

फवारणीचा पंप मिळवण्यात दोन दिवस गेले. मग माळ्यावरून जुनी पेटी काढली. निळ्या स्टेनरच्या दोन बाटल्या होत्या, सीलबंद. बादलीभर पाण्यात थेंब टाकत गेलो आणि एका तुऱ्यावर फवारून बघत गेलो. दहा थेंब, काही नाही. तीस, काही नाही. पाव बाटली, जेमतेम निळसर झाक. "उन्हानं खातोय रंग," मी स्वतःशी म्हणालो. अर्धी बाटली. पाऊण. रंग घसरू नये म्हणून थोडा डिंकही घातला. अखेर दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या तेव्हा कुठे माझ्या मनासारखा, शांत, सभ्य, डोळ्याला न टोचणारा निळा आला. फवारणीचा पंप खांद्याला लावला आणि एक्केचाळीस झाडं, तुऱ्यांपासून बुंध्यापर्यंत, चिंब केली. कुंपण आलं मधे, त्याला लागला. फाटकाला लागला. शेजारची मांजर येऊन बघत होती, तिला लागला. ती आजतागायत आमच्या फाटकातून येत नाही.

इस्त्रीवाला सायकल थांबवून बघत राहिला. "साहेब, हे काय?"

"निळा," मी म्हणालो. "डॉक्टरकडे गेला होतात का?"

"गेलो होतो. डोळे उत्तम आहेत म्हणाले."

डॉक्टरही तसलेच असणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानं वळायला लागली. वरून भाजणारं ऊन, पानांवर डिंकाचं पुट. श्वास कुठून घेणार झाडं? पण हे मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, तहान लागलीय. मी नळी लावली आणि तासभर सोडून दिली. संध्याकाळी माना टाकल्या. मी आणखी पाणी दिलं आणि वर ताकद यावी म्हणून मूठमूठ खत. बाईंनी नको म्हणून सांगितलेली एकही गोष्ट माझ्या हातून सुटली नाही! बायको यायच्या दिवशी सकाळी तुकड्यात चिखल होता आणि चिखलात एक्केचाळीस निळ्या काड्या.

रिक्षा थांबली. बायको पिशव्या न उतरवताच फाटकाशी आली. मागे धाकटी.

मी हात पसरून म्हणालो, "निळा!"

मग बायको खाली बसली. तिनं एक काडी उचलली, मुळासकट हातात आली. मुळं काळी पडलेली, मऊ. ती काडी तिनं कितीतरी वेळ धरून ठेवली होती.

"फुलं कुठायत?" तिनं विचारलं.

"गळली. पण ती राखाडी होती गं! मी तुझ्यासाठी..."

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "तुमचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा होता. इस्त्रीवाल्यानं पिवळा केलाय."

"पांढराशुभ्र आहे तो." तिचा आवाज बदलला होता. नेहमीची चेष्टा त्यात नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ती घरात गेली, माझ्या खणातून कारखान्याचं शेडकार्ड घेऊन आली. त्यातली एक पट्टी, नाव अंगठ्याखाली झाकून, माझ्या डोळ्यांपुढे धरली.

"हा कोणता?"

"राखाडी."

तिनं अंगठा काढला. खाली छापलं होतं, आकाशी निळा. माझ्याच हातानं मंजूर केलेला.

"कार्डाचा रंग उडालाय," मी म्हणालो. "जुनं आहे ना."

"आणि हे कुंपण?"

"फिकट निळं."

"भाऊजी, त्या कुंपणाकडे बघवत नाही! रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरूनच विचारलं, इथे काही सांडलंय का म्हणून!"

तेव्हा मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्यात मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: डोळ्यावर विसंबू नका, कार्ड शेजारी धरा. डोळा दमतो, म्हातारा होतो, कार्ड होत नाही. ते कार्ड फुलापासून वीस पावलांवर, खणात पडून होतं. त्या सकाळी मी एकदा, फक्त एकदा, ते तुऱ्याशेजारी धरलं असतं तर पट्टी आणि फूल दोन्ही राखाडी दिसली असती, आणि पट्टीखाली नाव वाचता आलं असतं. पण मला कशाला लागतंय कार्ड! कार्ड नवशिक्यांना!

डॉक्टरांनी उजेड टाकून दोन्ही डोळे बघितले आणि शीळ घातली. "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. किती वर्षं झाली?"

"मला तर स्पष्ट दिसतं."

"दिसतं हो, पण चहातून दिसतं. चार-पाच वर्षं तुम्ही जग कोऱ्या चहातून बघताय. निळा सगळ्यात आधी जातो." मग कागद बघत म्हणाले, "मधे एक इस्त्रीवाले आले होते. त्यांना तुम्हीच पाठवलं होतंत का?"

मी हो म्हणालो. डॉक्टर खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि मी पहिल्यांदा बघितला तो बायकोचा चेहरा. केस मला वाटत होते त्यापेक्षा खूपच पांढरे झाले होते. डोळ्यांखाली काळं होतं. हे कधी झालं, मला माहीतच नव्हतं. घरी येताना फाटकाशी आलो आणि मी अक्षरशः दोन पावलं मागे सरलो. काय तो निळा! किंचाळत होता! माणसानं रंग लावलाय असं वाटतच नव्हतं, अपघात झालाय असं वाटत होतं. बायको फाटक उघडून आत गेली. तो रंग घासून काढायला मला नऊ दिवस लागले. इस्त्रीवाल्याची माफी मागितली. त्यानं मोठ्या मनानं ती स्वीकारली आणि तेव्हापासून माझ्याकडून दर शर्टाला पावती लिहून घेतो, "पांढरा मिळाला," खाली माझी सही.

डोळ्यांत टाकायचे थेंब आणायला गेलो होतो, तिथून पाय आपोआप नर्सरीकडे वळले. बाई कुंड्या मांडत होत्या. आणि एका कोपऱ्यात तीच, पिठूळ दांड्याची सॅल्व्हिया, फुललेली.

मी डावा डोळा झाकला. उजव्यानं बघितलं.

काय सांगू तुम्हाला? एकतीस वर्षं निळा केला हो मी, डबेच्या डबे. असला नाही करता आला कधी. मग उजवा झाकून डाव्यानं बघितलं. फडकं. पुन्हा डावा झाकला. निळा. असं किती वेळ केलं कोण जाणे, बाईंनी येऊन खांद्यावर हात ठेवला.

"काका, रडायचं नाही, ऑपरेशन झालंय."

"बाई, घरची अशीच होती का?"

"अशीच. तुम्ही तुरा आणला होतात तो तर यापेक्षा गडद होता. काकूंचा हात चांगला आहे."

दहा कुंड्या घेतल्या. बाई म्हणत होत्या, या उन्हात लावू नका, थांबा. मी ऐकलं, चक्क ऐकलं! कुंड्या सावलीत ठेवल्या आणि बायकोला हाक मारली.

"हे घे. अगदी तीच आहेत."

ती बाहेर आली. कुंड्यांकडे बघितलं. एका तुऱ्याला बोट लावलं. "छान आहेत," म्हणाली. दुकानात दुसऱ्याच्या वस्तूला म्हणावं तसं. मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "माझी पहिली उघडली तेव्हा कशी दिसत होती हो?"

मला खोटं बोलता आलं असतं. समोर फुलं होती, बघून वर्णन केलं असतं. पण एकदा दया करून काय झालं ते बघितलं होतं.

"राखाडी दिसली गं मला."

तिनं मान हलवली. "म्हणजे कुणीच नाही पाहिली," ती म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता चार महिने झाले. मी आणलेल्या दहा कुंड्या जिवंत आहेत. मी रोज थोडंसंच पाणी घालतो आणि पाणी घालताना एक डोळा झाकतो, येणारे-जाणारे बघतात. फाटकाजवळचा तुकडा मी खणून, खडी घालून तयार ठेवलाय. तिथे अजून काही लागलेलं नाही. बायको रोज सकाळी झारी घेऊन निघते आणि तासाभरानं हाताला माती लावून परत येते. मी सात-आठ दिवस काही विचारलं नाही. मग धाकटीच बोलली. ताईनं नवीन बी पेरलंय. एक्केचाळीस रोपं धरलीत. धाकटीच्या गच्चीवर!

काल कळ्या आल्याचं कळलं. मी धीर करून म्हटलं, "मी येऊ का बघायला?"

बायकोनं चप्पल घालता घालता माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नीट, दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं बघितलं.

"दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?"

"येत्या महिन्यात."

"मग तेव्हा या," ती म्हणाली आणि झारी उचलून गेली.